गोंडघर फाटा: जीपमध्ये मागे बसलेल्या माणसाचं प्रकरण

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांपुढे देशसेवेवर बोला म्हटलं की वक्ते थेट सियाचिन गाठतात. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या मुलानं बर्फ पाहिलेला असतो तो मासळीच्या क्रेटमध्ये. त्याला सरकारी नोकरी लागलीच, तर ती बहुधा एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात, तपासणी नाक्यावर, बंदरावर किंवा वन खात्याच्या चौकीत लागते. पोस्टिंग तिथे आणि भाषण बर्फाचं, अशी आपल्याकडची तऱ्हा आहे.

म्हणून अशा गटाबरोबर बसायची वेळ आली की मी त्यांच्याच तालुक्यातलं एक प्रकरण घेतो. दिघीहून म्हसळ्याकडे येताना गोंडघर फाटा लागतो. मुलं त्यावरून रोज ये-जा करतात. तिथे १९९३ साली, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या दोन महिने आधी, जे घडलं ते न्यायालयात सिद्ध झालेलं आहे. माणसांची नावं मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की मुलं त्या माणसाची जात, गाव, नातेवाईक शोधायला लागतात आणि विषय तिथेच संपतो.

घडलं ते असं

तारीख ९ जानेवारी १९९३. बाबरी मशीद पडून महिना होऊन गेला होता आणि मुंबईत दंगलीचा दुसरा भडका सुरू होता. त्या रात्री दिघीच्या जेट्टीवर समुद्रातून आलेला माल उतरला. दिघी म्हणजे राजपुरी खाडीच्या तोंडावरचं बंदर, पलीकडे जंजिरा. माल ट्रकमध्ये चढला, गाड्या म्हसळ्याच्या दिशेनं निघाल्या आणि गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन ठाण्याच्या गस्तीनं त्या अडवल्या.

इथे मी थांबतो. कारण या प्रकरणाबद्दल कुणी काही ऐकलेलं असलंच तर ते इतकंच असतं, की 'यंत्रणा झोपली होती'. त्या रात्री त्या फाट्यावर यंत्रणा जागी होती. मध्यरात्री जीप रस्त्यावर होती, संशयित गाड्या थांबलेल्या होत्या, अंगावर वर्दी होती. देशानं पोलिसाकडून जे मागावं ते सगळं हजर होतं.

मग बोलणी झाली. लाखांत सौदा ठरला. तेवढी रोकड हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून घेतल्या आणि गाड्या सोडून दिल्या. त्या मालात शस्त्रं होती.

पुढचं वेगानं घडलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात श्रीवर्धन-दिवेआगर रस्त्यावरच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर दोन वेळा माल उतरला आणि त्यात आरडीएक्स होतं. १२ मार्चला दुपारी दीडच्या सुमाराला मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. मग एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, दादरचं प्लाझा असं करत दोन तासांत शहर हादरलं. २५७ माणसं मेली, ७१३ जखमी झाली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयानं २००६-०७ मध्ये शंभर जणांना दोषी धरलं. त्यांत गस्तीचा प्रमुख फौजदार होता, त्याला जन्मठेप झाली. सोबतच्या शिपायांनाही तुरुंगवास झाला. सीमाशुल्क खात्याचे अधिकारीसुद्धा त्या यादीत होते, अगदी वरच्या हुद्द्यावरचे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१३ मध्ये आला, म्हणजे घटनेला वीस वर्षं होऊन गेल्यावर.

चांदीची सवय

मुलांचा पहिला बचाव ठरलेला असतो. "सर, त्यांना काय माहीत आत काय आहे? त्यांना वाटलं असंल चांदी."

हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उलट सगळं प्रकरण इथेच आहे, म्हणून मी यावर सर्वात जास्त वेळ घालवतो.

१९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं देशात सोनं बाळगण्यावर बंधनं घातली. बाहेर भाव कमी आणि आत जास्त, त्यामुळे दुबईहून सोनं-चांदी चोरून आणण्याचा धंदा फोफावला. कोकणचा किनारा त्याला सोयीचा होता. खाड्या पुष्कळ, वस्ती विरळ आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर. या धंद्याची हळूहळू एक घडी बसली. माल उतरवून घेणारा ठरलेला, हमाल ठरलेले, ट्रकवाला ठरलेला आणि डोळेझाक करणाऱ्याचा आकडाही ठरलेला. गावात त्याची लाज वाटेनाशी झाली. 'सरकारचा कर बुडतो, आपल्या बापाचं काय जातं' हे वाक्य जुन्या लोकांच्या तोंडून मीही ऐकलेलं आहे, आणि ते बोलताना त्यांना आपण काही वावगं बोलतोय असं वाटत नव्हतं.

१९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. सोन्याच्या आयातीला पुढे वाट मिळाली, चोरट्या सोन्यातली कमाई घटायला लागली. पण माणसं, गाड्या, वाटा आणि दर तसेच शिल्लक होते. शस्त्रं आणणाऱ्यांना नवीन काही उभारावं लागलं नाही. तयार घडीत फक्त माल बदलला.

म्हणून 'त्यांना चांदी वाटली' हे खरं मानलं तरी गुन्हा कमी होत नाही. चांदी समजून गाडी सोडायची सवय लागलेली होती, म्हणूनच त्या रात्री आतलं उघडून बघायची गरज कुणाला वाटली नाही. उघडून बघितलं असतं तर भाव करता आला नसता.

जीपमधली मागची जागा

आता प्रकरणातला मुख्य प्रश्न. मुलांना वाटतं मी विचारणार, 'तुम्ही फौजदार असता तर काय केलं असतं?' त्याची उत्तरं छान येतात. सगळे गाडी जप्त करतात, सगळे तस्करांना बेड्या घालतात, एकानं तर गोळीबारही केला होता.

मी तो प्रश्न विचारत नाही, कारण यातला कुणी उद्या फौजदार होणार नाही. होईल तो शिपाई. नोकरीला दोन वर्षं झालेली, बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, बदली-रजा सगळं साहेबांच्या हातात. असा एक शिपाई आम्ही कल्पनेनं जीपमध्ये मागे बसवतो. साहेब खाली उतरून बोलतायत, याला अर्धंमुर्धं ऐकू येतंय, आणि थोड्या वेळानं त्याच्याही हातात काहीतरी पडणार आहे. आता त्यानं काय करायचं?

इथे गट गप्प होतो. मग कुणीतरी खरं बोलतं. एकदा एक मुलगा म्हणाला, "नाय म्हणायचं म्हणजे साहेबाला चोर म्हणायचं. आणि सकाळी त्याच ठाण्यात हजेरी द्यायची." दुसरा म्हणाला, "पैसे घ्यायचे नाय, पण गप्प बसायचं." यावर बहुतेक सगळ्यांनी माना डोलावल्या. आपले हात स्वच्छ राहिले की झालं, ही मधली वाट सगळ्यांना आवडते.

मग मी त्यांना ती वाट चालून बघायला लावतो. तू पैसे घेतले नाहीस, गप्प राहिलास, गाडी गेली. १२ मार्चला संध्याकाळी तू रेडिओ ऐकतोयस. आता काय?

या प्रश्नावर मी कधी उत्तर मागत नाही.

त्यानंतर आम्ही कागद घेऊन बसतो आणि त्या शिपायाच्या हातात प्रत्यक्षात काय काय होतं ते काढतो. बेकायदा हुकूम पाळायला कायदा त्याला बांधत नाही. ट्रकचे नंबर तो तळहातावर लिहू शकतो. 'साहेब, आत बघून घेऊ या' एवढं मोठ्यानं म्हणू शकतो. ही धमकी नाही की आरोप नाही, पण सौदा करणाऱ्याला कळतं की इथे एक साक्षीदार आहे. ठाण्यात परतल्यावर स्टेशन डायरीत वेळ, ठिकाण, गाड्यांचे नंबर यांची नोंद व्हावी असा आग्रह धरू शकतो. सकाळी वरच्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तिथे दाद लागली नाही तर त्याच्याही वर. आजच्या शिपायाच्या हाताशी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. १९९३ च्या त्या जीपमध्ये मोबाइल नव्हता.

यातलं सोपं काहीच नाही. पण यादी झाली की मुलांचे चेहरे बदलतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आधी त्यांच्यापुढे दोनच चित्रं असतात, हिरो व्हायचं किंवा गप्प बसायचं. या दोन्हींच्या मध्ये पाच-सहा पायऱ्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. चारित्र्याबद्दल आपण मुलांशी इतकं बोलतो, पण ते वापरायचं कसं हे दाखवत नाही. पोहणं शिकवताना काठावर उभं राहून पाण्याची थोरवी सांगावी, तसं ते होतं.

सर, आम्हीपण लोकेशन देतो

एका गटात चर्चा संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. ग्राउंडला तो चांगला होता, १६०० मीटर झकास मारायचा, गोळाफेकीत जरा कच्चा. म्हणाला, "सर, खरं सांगू काय? आम्हीपण लोकेशन देतो."

रायगडच्या खाड्यांत चोरटा वाळूउपसा चालतो, रात्री डंपर निघतात. महसूलची किंवा पोलिसांची गाडी कुठून निघाली, कुठे वळली हे फोनवर कळवणारी पोरं फाट्याफाट्यांवर बसलेली असतात. याला 'लोकेशन देणं' म्हणतात. रात्रीचे पाचशे मिळतात, कधी जास्त. काम काही नाही, टपरीवर बसायचं आणि मेसेज टाकायचा. हा मुलगा त्याच पैशातून भरतीच्या क्लासची फी भरत होता.

म्हणजे पोलीस होण्यासाठी तो पोलिसांवर पाळत ठेवत होता. मला हसू आलं नाही आणि त्याला रागावण्याचा अधिकार आपल्याला आहे असंही वाटलं नाही. त्याच्या घरची सुपारीची वाडी जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवी झाली होती. सुपारीचं नवं झाड उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षं घेतं. तोवर घर कशावर चालणार, याचं उत्तर मी त्याला देऊ शकत नव्हतो, आणि उत्तर नसलेल्या माणसानं उपदेश करू नये.

मी त्याला एवढंच विचारलं की गोंडघरच्या गोष्टीत तू स्वतःला कुठे बसवलंस. मला वाटलं, जीपमध्ये म्हणेल. तो म्हणाला, "ट्रकमधी."

पुढच्या वेळी त्याच्या परवानगीनं, त्याचं नाव न घेता, मी हा मुद्दा गटापुढे ठेवला. तेव्हा कळलं की लोकेशन देणारा तो एकटा नव्हता. एकजण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत चोरून जाणाऱ्या होडीवर खलाशी म्हणून गेला होता. दुसऱ्यानं भाऊबंदकीच्या वादात खोटी साक्ष दिली होती, तीही फुकट, काकांनी सांगितलं म्हणून. त्या दिवशीची चर्चा माझ्या हातात राहिली नाही आणि त्यामुळेच ती चांगली झाली. लोकेशनच्या पैशाऐवजी काय, यावर मुलांनी आपापसात खल केला. दोघांनी दिवेआगरच्या पर्यटन हंगामात शनिवार-रविवारी काम धरलं. क्लासची फी हप्त्यानं घ्यायला चालक तयार झाला, म्हणजे त्याला कुणी आधी विचारलंच नव्हतं. सगळे सुधारले असा माझा दावा नाही. एकजण अजून टपरीवर दिसतो, मला बघून मान दुसरीकडे वळवतो.

या सगळ्यात एक गोष्ट खटकत राहते. भरती झालेल्या उमेदवाराची चारित्र्य पडताळणी होते. त्यात तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, एवढंच तपासलं जातं. गोंडघरच्या रात्रीच्या आदल्या दिवशी त्या जीपमधल्या प्रत्येकाचा कागद त्या अर्थानं कोराच असणार. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची, आणि फाट्यावर जे लागतं त्याला गुण नाहीत. ते सरकारनं मोजावं असं माझं म्हणणं नाही, मोजायला गेलं तर त्याचेही क्लास निघतील. पण मोजता येत नाही म्हणून त्याचा सरावही करायचा नाही, हे मला पटत नाही.

याच किनाऱ्यावरच्या आणखी काही गोष्टी

नुसतं गोंडघर सांगितलं तर मुलं कडवट होतात. 'सगळे असेच' हे वाक्य येतं आणि ते वाक्य म्हणजे गप्प बसायचा परवानाच. त्यामुळे दुसरी बाजूही मांडावी लागते, आणि तीसुद्धा हाताच्या अंतरावरची.

शेखाडीपासून दिवेआगर जवळच आहे. तिथे नोव्हेंबर १९९७ मध्ये एका बाईंच्या सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, वजन सव्वा किलोच्या वर. वाडी त्यांची, पेटी त्यांच्या मातीतली. त्यांनी ती घरात ठेवली नाही. गावाला कळवलं, मुखवटा देवळात बसला आणि दिवेआगरला माणसांची रीघ लागली. यावर एका मुलीनं टोकलं, "सर, तो देव होता. देवाची भीती असते. ट्रकमध्ये देव नव्हता." तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मार्च २०१२ मध्ये तोच मुखवटा दरोडेखोरांनी पळवला आणि देवळाच्या दोन रखवालदारांचा जीव गेला. देवाची भीती सगळ्यांनाच नसते, हे तिनंच पुढे जोडलं.

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. स्थानिकांनी बघितली, पोलिसांना कळवलं, आत तीन एके-४७ रायफली निघाल्या. राज्यभर सावधतेचा इशारा गेला. चौकशीत कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली. इंजिन बंद पडल्यावर खलाशांना वाचवण्यात आलं आणि बोट वाहत इकडे आली. मुलं म्हणतात, म्हणजे काही नव्हतंच. मी म्हणतो, बघणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्यानं आपलं काम केलं, आत काय आहे ते ठरवणं पुढच्याचं काम. गोंडघरला नेमकं हेच झालं नाही.

आणि २०२३ चा ऑगस्ट. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. या वेळी बोलणी करायला समोर कुणी उभंच नव्हतं. माल वाळूत पडलेला, आजूबाजूला सुरूचं बन, कुणी बघत नाही. पाकीट उचललं तर ते घ्यायला मुंबईत कोण तयार आहे हे शोधायला फोन पुरतो. ठिकठिकाणची पाकिटं पोलीस आणि सीमाशुल्क खात्यापर्यंत पोचली. हे उदाहरण मी अलीकडे गोंडघरच्या आधी घेतो, कारण गटातल्या मुलांनी तेव्हा त्या वाळूवर धावण्याचा सराव केलेला असतो आणि प्रत्येकजण मनात स्वतःला विचारून घेतो.

बंदरांवरच्या गावांतून सागर सुरक्षा दलाचे स्वयंसेवक असतात, बरेचसे मच्छीमार. पगार नाही, समुद्रात अनोळखी होडी दिसली तर कळवायचं. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. भरतीत न लागलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. भरतीला बसलेल्यांपैकी बहुतेकांची निवड होत नाही, आणि वर्दी मिळाली नाही म्हणजे देशाशी आपला संबंध संपला असं त्यांना वाटायला लागतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरलेल्या अनोळखी पोरांना 'कोण रे तुम्ही?' असं हटकणारी माणसं वर्दीतली नव्हती.

प्रकरण घेणाऱ्यांसाठी

हे प्रकरण शाळेत किंवा क्लासमध्ये घ्यायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, धर्माचा प्रश्न येतोच. आरोपींची नावं काढून कुणीतरी विषय तिकडे वळवतो. तेव्हा दोषी ठरलेल्या पोलीस आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांची यादी समोर ठेवावी. लाच घेणाऱ्यांत सगळ्या देवांना मानणारे निघतात. माझ्या गटांत दोन्ही समाजांची मुलं असतात, त्यामुळे हे टाळून चालत नाही. टाळलं तर ते चर्चा संपल्यावर टपरीवर बोललं जातं.

दुसरी म्हणजे वेळ. सुरुवातीला मी हे भरतीच्या जाहिरातीच्या सुमाराला घ्यायचो. तेव्हा मुलांचं डोकं कट ऑफमध्ये असतं आणि हे प्रकरण त्यांना मुलाखतीच्या तयारीसारखं वाटतं, योग्य उत्तर काय तेवढं सांगा. आता मी निवड झालेल्यांना प्रशिक्षणाला जायच्या आधी पुन्हा एकदा बोलावतो. तेव्हा प्रश्न वेगळे येतात. 'देवाची भीती' म्हणणारी ती मुलगी निवडली गेली. जायच्या आधी तिनं विचारलं की साहेबांनी डायरीत नोंद करू नको म्हटलं तर काय करायचं. मी म्हटलं, आधी लेखी मागायचं, मिळणार नाही, मग स्वतःच्या वहीत तारीख-वेळ टाकून लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी एका विश्वासाच्या माणसाला सांगायचं. तिनं विचारलं, "विश्वासाचा माणूस ठाण्यातला की बाहेरचा?" आम्ही तिघं-चौघं त्यावर बराच वेळ वाद घालत बसलो आणि शेवटी ठरलं की दोन्हीकडे एकेक हवा, आणि तो नोकरीच्या पहिल्या महिन्यातच हेरून ठेवायचा, गाडी अडवायच्या रात्री नव्हे.